विलीज जीप: इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच, घ्यावी का?

निपाणीकर:
मंडळी, खानापूरजवळ एका मळ्यात विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप, बघून आलोय. मालक म्हणतो १९४४ ची, लष्कराच्या लिलावातली. इंजिन आणि चेसिस, दोन्हींचा नंबर एकच, त्यामुळं "कंपनीनं बसवलेलंच इंजिन" म्हणून भाव चढवून सांगायलाय. वॉटर पंपाशेजारच्या उंचवट्यावर बॅटरी मारून बघितलं: 'एमबी', पुढं सहा आकडे. तेवढीच जागा चकचकीत, बाकी ब्लॉकवर बोटभर ऑइलमाती. चेसिसचा नंबर डाव्या दांड्याच्या आत रिबिटानं मारलेल्या पट्टीवर. शनिवारी इसार द्यायचाय. दारात एक फियाट आधीच सडायली आहे, त्यामुळं घरात हे कुणाला सांगितलेलं नाही.

उद्यमबागचा फोरमन:
इसार थांबवा. नंबर जुळतात हीच तर गोम आहे. विलीजच्या कारखान्यात इंजिन आणि चेसिसचे नंबर वेगवेगळे पडायचे. हीच जीप युद्धात फोर्डनंही केली, नंबर जुळवायची रीत त्या फोर्डची, आणि फोर्डनं केलेल्या जीपच्या इंजिनवर 'जीपीडब्ल्यू' असतं. एमबी असून नंबर एकच, म्हणजे कुणीतरी बसून जुळवलाय. लष्करी वर्कशॉपात इंजिनं बदलायचीच, वेगळा नंबर असता तर मी काही बोललो नसतो.

आता ती चकचकीत जागा. जन्म बिडाचे ब्लॉक बोअर करण्यात गेला, म्हणून सांगतो. स्टीलची फूटपट्टी उभ्या धारेवर त्या जागेवर धरा, मागून बॅटरी मारा. मधे उजेड दिसला तर तिथला धातू घासून काढलाय. मग आकड्यांच्या काठावरून नख फिरवा. जुना ठोका बोथट झालेला असतो, ताज्याची बर, म्हणजे ठोक्यानं काठाला उठलेली धार, नखाला टोचते. आकडे थोडे वर-खाली असतील तर त्याला भिऊ नका. आणि आरटीओला देतो तशी पेन्सिलीची छाप घेऊन या, फोटोत चमक मारते, काही कळत नाही.

जाताच आहात तर रेडिएटरखाली वाकून पुढचा आडवा दांडा बघा. विलीजचा गोल पाइप, फोर्डचा उलटा चॅनेल, म्हणजे पालथ्या पन्हाळीसारखा.

कॅम्पातला:
कागदाचंही बघा की. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमानं 'व्हीए' (व्हिंटेज) मालिकेत नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. घासलेला नंबर घेऊन तपासणीला गेलात तर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागणार, विकणारा तोवर हात झटकून मोकळा.

निपाणीकर:
जाऊन आलो. फूटपट्टीखालून उजेड आला, नखाला बरही लागली. छाप घेतली तर दुसऱ्या आकड्याच्या पोटात अजून एक गोलाई दिसायली आहे. आणि काका, पुढं पाइप नाही. उलटा चॅनेल!

उद्यमबागचा फोरमन:
मग चेसिस फोर्डची आणि ती चेसिस नंबरची पट्टी उपरी, दुसरीकडची. फोर्डचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या अंगाला, शॉकॲब्सॉर्बरच्या जवळ, थेट लोखंडात ठोकलेला असतो. तिथला रंग जरा खरवडून बघितला का?

निपाणीकर:
चाकू काढला तसा मालक म्हणाला, "रंगाला हात लावायचा नाही." चहासुद्धा अर्धा सोडून आलो.