फातोर्ड्याच्या भारत-सिंगापूर फुटबॉल मॅचनंतर सोसायटीचा ग्रुप (सावंतवाडी, १५ ऑक्टोबर २०२५)

नाईक काका (ए विंग): रात्री उशिरा मडगावाहून आलो, झोप नाही. आपल्या छांगटेने १४व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं! हाफटाइमच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी साधली, मग दुसराही घातला. १-२. आशिया कपची पात्रता गेली. आता कोच बदला.

परब (बी विंग): काका, अजून किती बदलायचे? स्टिमाचना जून २०२४ ला काढलं, मार्केझ वर्षभरात गेले, खालिद जमील ऑगस्टमध्ये आले. गेल्या महिन्यात ओमानला पेनल्टीवर हरवलं तेव्हा तुम्हीच त्यांना डोक्यावर घेतलं होतंत.

सावंत वहिनी: भारताच्या मुलींनी जुलैत थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया कप गाठला. तेव्हा ग्रुपवर कोणी एक अंगठासुद्धा टाकला नव्हता.

परब: वहिनी, मान्य. पण पुरुषांचं खरं दुखणं नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा मुख्य स्ट्रायकर. क्लब पुढे परदेशी स्ट्रायकर लावतात, आपली पोरं बाकावर. म्हणून निवृत्त सुनील छेत्रीला चाळिशीत परत आणावं लागलं. यंदा तर आयएसएल या आपल्या मुख्य लीगचाच पत्ता नाही.

राणे सर: परब, तो नऊ नंबर विशीत अचानक कुठून उगवणार? बेल्जियमचं बघा. २००० च्या युरो स्पर्धेचे सहयजमान, तरी पहिल्याच फेरीत बाहेर. मग तांत्रिक संचालक मिशेल साब्लों यांच्या काळात फेडरेशनने पोरांच्या दीडेक हजार मॅचेसचं चित्रीकरण करवून घेतलं. दिसलं काय, तर मोठ्या मैदानावर बारक्या पोरांच्या पायाला चेंडू लागतच नाही. म्हणून मैदानं लहान केली: आधी दोन-दोन, मग पाच-पाच, आठ-आठ. सगळ्यात लहान गटांची गुणतालिकाच बंद, कारण जिंकायच्या नादात कोच उंच, दांडग्या पोरांनाच खेळवतो. आपल्या शालेय स्पर्धांत तरी वेगळं काय? नॉकआउटची एक मॅच, हरलं की टेम्पोत बसून घरी, वर्षाचा फुटबॉल संपला.
आणि २००७ साली, म्हणजे एवढं सगळं केल्यावर, बेल्जियम जागतिक क्रमवारीत ७१ वर घसरलं होतं! आपण असतो तर तेव्हाच गाशा गुंडाळला असता. त्यांनी धीर धरला. २०१५ ला पहिला नंबर, २०१८ च्या वर्ल्ड कपात तिसरे.

नाईक काका: सर, आपणही १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकला चौथे होतो. नेव्हिल डिसोझाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक!

परब: काका, तेव्हा तुमचा जन्म तरी झालेला?

नाईक काका: नाय रे, बापाशीन सांगलेला.

राणे सर: १९६३ ला त्या संघाचे कोच रहीमसाहेब गेले आणि त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर गेली, पुढच्या कोचांच्या हाती काही उरलं नाही. लांब कशाला, घाट चढून कोल्हापूरला जा. पेठांचे संघ, शाहू स्टेडियम भरलेलं. अनिकेत जाधव तिथूनच २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला गेला. आपल्याकडे वाडीवाडीत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा, बक्षिसाला बोकड. फुटबॉलला साधा चेंडू नाही. कापणी झाली की मागचा कुणगा, भाताचा तुकडा, मोकळा होईल. चार चिरे ठेवले की दोन गोल. दर रविवारी सकाळी पाच-पाच जण, सहा ते बारा वयाची सगळी पोरं, आणि प्रत्येकाला खेळायला मिळालंच पाहिजे. गुण कोणी मोजायचे नाहीत.

सेक्रेटरी: कुणग्याच्या मालकांना मी विचारतो. पण पार्किंगमधला ‘चेंडू खेळू नये’ बोर्ड निघणार नाही. काचेचे पैसे अजून कोणी दिलेले नाहीत.

सावंत वहिनी: माझी लेक येईल. गोलकीपर करून कडेला उभी करू नका, ती पुढे खेळणार.

परब: चेंडू माझ्याकडून. पाच नंबरचाच आणू ना?

राणे सर: नको, तो मोठ्यांचा. आठच्या वरच्यांना चार नंबर, त्याहून बारक्यांना तीन. दोन्ही आणा.