जुलाबाला ओआरएस कोणी लिहून का देत नाही?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी, जरा डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मागच्या आठवड्यात लेकाला (पावणेदोन वर्षं) जुलाब लागले, दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी. जवळच्या दवाखान्यात नेलं तर अँटिबायोटिक सिरप, उलटीचं औषध, वर प्रोबायोटिकच्या पुड्या. ओआरएसचं नावच नाही! घरात एक पुडा होता तो मीच दिला, तर बाळाने थुंकून टाकला, ते वेगळं. पण जलसंजीवनी आपण शाळेत शिकलो ना, मीठ-साखर-पाणी? मग जे शाळकरी पोराला माहीत आहे ते डॉक्टरला माहीत नाही असं तर नसणार. मग लिहीत का नाहीत?

अर्धवटराव:
सोप्पंय. पुड्यात मार्जिन किती आणि सिरपमध्ये किती ते बघा. विषय संपला.

तालुक्याचा डॉक्टर:
इतका पण सोपा नाहीये हो विषय. औषधातला पैसा कुणालाच दिसत नाही असं मी म्हणणार नाही, पण माझ्या ओपीडीतलं सांगतो. नुसतं ओआरएस आणि झिंक लिहिलं की आईबापाचा चेहरा पडतो, "आणि औषध, डॉक्टर?" एक आजी तर तोंडावर म्हणाल्या, साखरपाण्याचे शंभर रुपये घेता होय, आणि नातवाला उचलून पलीकडच्या गल्लीत नेऊन सलाईन लावून आणलं, जे त्याला अजिबात लागत नव्हतं, पोरगं चांगलं पाणी पीत होतं. खरी गोम अशी की ओआरएसने शी थांबत नाही, शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार तेवढे भरून निघतात. घरच्यांना हवं असतं शी थांबणं. मग पुढच्या पेशंटला आपला हात आपोआप सिरपकडे जातो. लाज वाटते, पण जातो.

तळटीप:
डॉक्टरसाहेब, तुम्ही जे सांगताय तेच 2024 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलंय. कर्नाटक आणि बिहारमधल्या 2,282 खाजगी डॉक्टरांकडे (त्यात डिग्री नसलेले पण होते) ट्रेनिंग दिलेली माणसं पाठवली, दोन वर्षांच्या मुलाला जुलाब लागलेत असं सांगायला. काहींनी सांगितलं आम्हाला ओआरएस चालेल, काहींनी अँटिबायोटिक मागितलं, काही गप्प बसले. काही ठिकाणी ओआरएसचे पुडे आधीच पोचवले आणि काही 'पेशंट' म्हणाले औषध आम्ही दुसरीकडून घेऊ, म्हणजे डॉक्टरला विक्रीतून काही सुटणार नाही. निष्कर्ष असा की ओआरएस न देण्यामागे सगळ्यात मोठा वाटा "पेशंटला हे नकोच असणार" या डॉक्टरच्या समजाचा, 42 टक्के. पुडे संपलेले असणं 6, पैशाचा मोह 5. ज्यांनी तोंडाने ओआरएस मागितलं त्यांना ते मिळण्याचं प्रमाण गप्प बसलेल्यांपेक्षा 27 टक्के पॉइंटनी जास्त. अर्धवटराव, मार्जिन आहेच, पण ते मुख्य नाही.

आणि संशोधन नवीन आहे अशातला भाग नाही. 1971 च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नळ लावलेल्या पिंपांतून द्यायला लावलं, पाजणारे बहुतेक घरचेच लोक. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरातून 4 च्या खाली आलं! तरी एनएफएचएस-5 या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली 61 टक्क्यांच्या आसपास, झिंक मिळालेली जेमतेम 30.

खवचट खान:
एक शंका. त्या प्रयोगात मूल समोर नव्हतंच ना? न तपासता डॉक्टर जे लिहील ते खऱ्या ओपीडीसारखं कसं धरायचं?

तळटीप:
शंका रास्त आहे. पण आपल्याकडे बाप एकटाच येऊन "पोराला जुलाब होतायत, काहीतरी द्या" म्हणतो हे काय कमी वेळा होतं?

तालुक्याचा डॉक्टर:
माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी होतं, मी परत पाठवतो, घेऊन ये म्हणून. हा अभ्यास वाचून आता मला असं वाटतंय की आम्ही पेशंटच्या मनातलं ओळखतो म्हणतो आणि विचारत मात्र नाही. पेशंटपण विचारत नाही, डॉक्टरला कळतंय म्हणून. चाफेकळीताई, पुढच्या वेळी सरळ म्हणा, ओआरएस आणि झिंक देताय ना? कुणी चिडणार नाही. अँटिबायोटिक लागतं ते शीत रक्त असेल किंवा कॉलरा वगैरेची शंका असेल तेव्हा. झिंक मात्र पूर्ण 14 दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बंद करायचं नाही, हे आशाताई दारोदार सांगतात तरी निम्मी पाकिटं तशीच पडून राहतात. आणि मूल मलूल झालं, पिईनासं झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर मग थांबू नका, दवाखाना.

मेडिकलवाला:
आमच्या काउंटरवरची गंमत ऐका, लोक ओआरएस म्हणून टेट्रापॅकवालं गोड ज्यूस मागायचे. साखर भरमसाट, मीठ नावाला, जुलाबात त्याने उलट वाढायचं. 2025 मध्ये एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) असल्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी घातली, एका हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं त्यासाठी भांडत होत्या. पुडा घेताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघायचं. मोठा पुडा एक लिटरचा, छोटा 200 मिलीचा, पाठीमागे छापलेलं असतं.

चाफेकळी:
थांबा थांबा. माझ्याकडे होता तो मोठा पुडा. आणि मी तो एका ग्लासात कालवला होता 🤦

मेडिकलवाला:
मग थुंकणारच की बिचारा! इतकं घट्ट पाजणं धोक्याचं पण असतं ताई, बरं झालं प्यायला नाही. लिटरची बाटली मोजून घ्या, पूर्ण पुडा एकदम घाला, चमच्या-चमच्याने द्या, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाका.

चाफेकळी:
पाण्याची बाटली समोरच आहे, आत्ताच लेबल वाचलं, 750 मिली निघाली. मापं घेऊन येते.