'ग्रामीण चित्रपट' म्हणजे नेमका कोणता?

मंजिरी_न
एका हिंदी लेखाचा अनुवाद करते आहे. विषय मराठी सिनेमातलं खेडं. मूळ लेखात 'ग्रामीण सिनेमा' हा शब्द सतत येतो आणि त्यात १९२५ च्या 'सावकारी पाश'पासून नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'पर्यंत सगळं एकाच माळेत ओवलं आहे. मी सरळ 'ग्रामीण चित्रपट' लिहिलं. संपादकांनी ते सगळीकडे खोडून 'ग्रामजीवनावरील चित्रपट' केलं. त्यांचं म्हणणं, मराठी वाचकाला 'ग्रामीण चित्रपट' म्हटलं की फेटा, पाटलाचा वाडा आणि ढोलकीच दिसते. 'फँड्री'ला तो शब्द लावला तर खटकेल. कोशात तर ग्रामीण म्हणजे गावचं, खेड्यातलं, एवढंच. तुम्ही 'फँड्री'ला ग्रामीण चित्रपट म्हणाल का? म्हणणार नसाल तर का?

घाटमाथा
नाही म्हणणार. संपादक बरोबर आहेत.
आमच्याकडे जत्रेत तंबूत पिक्चर यायचे तेव्हा रिक्षावरचा कर्णा दिवसभर सांगत फिरायचा, "अस्सल ग्रामीण, तमाशाप्रधान!" हे दोन शब्द जोडीनंच यायचे. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. त्यानंतर प्रत्येक निर्मात्याला तसंच काहीतरी हवं होतं, म्हणजे बोर्डावर लावणी आणि खाली लोडाला टेकलेला पाटील. दोन-तीन दशकं लोकांनी हेच पाहिलं. शब्दाला तोच अर्थ चिकटला, आता कोश काहीही म्हणो.

अक्षरवेध
अर्थ चिकटला म्हणून तो मान्य करायचा का? ग्राम म्हणजे गाव, त्यावरून ग्रामीण. शब्द निर्दोष आहे. व्यापाऱ्यांनी जाहिरातीसाठी तो वापरला म्हणून आपण तो त्यांना देऊन टाकायचा नाही. अगदीच नको असेल तर 'ग्रामपट' म्हणा. युद्धपट, भयपट, चरित्रपट चालतात, तसा हाही चालेल. आणि मराठी लेखात 'सिनेमा' कशाला? चित्रपट हा स्वच्छ शब्द हाताशी आहे.

राहुटी
घाटमाथा, तुम्ही 'तमाशाप्रधान' म्हणालात म्हणून लिहितो. माझे आजोबा फडात ढोलकी वाजवायचे. पडद्यावरच्या त्या तमाशाला ते तमाशा म्हणत नसत. ढोलकीफडात आधी गण, मग गौळण, बतावणी आणि नंतर वग, म्हणजे तमाशातलं नाटक. रात्र सरते ती वगावर. संगीतबारी निराळी. तिथे बायका गातात, पेटी-तबला असतो, फर्माईश होते, दौलतजादा होतो, म्हणजे पैसे उधळले जातात. सिनेमानं दोन्ही एकात मिसळलं, वग टाकून दिला आणि सोंगाड्याला नायिकेचा दूत केला. पुढे उलटाच प्रकार झाला. बारीत बसलेला माणूस सिनेमातलीच लावणी मागू लागला आणि जुन्या बैठकीच्या लावण्या, ज्यात एकेका ओळीवर वेगवेगळी अदा करायची, त्या मागे पडल्या. सिनेमा समाजाचा आरसा आहे असं सगळे म्हणतात. आमच्या घरच्यांनी त्या आरशात बघून आपला वेश बदलला. तेही लिहा कुणीतरी.

आणखी एक. फडातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी. पडद्यावरच्या तमासगिरिणीची जात कधी उच्चारली जात नाही. गावात मात्र फडाला कुठे उतरवायचं हे जातीवरून ठरायचं. माझ्या मते मंजिरीताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. 'ग्रामीण चित्रपट' या शब्दात पाटील बसतो, सरपंच बसतो, मास्तर बसतो. गावकुसाबाहेरचा माणूस त्यात बसत नाही. 'फँड्री'त तोच मधोमध उभा आहे. डुकरामागे धावताना शाळेत राष्ट्रगीत लागतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी थांबतं, त्या दृश्याला 'ग्रामीण' म्हणायला जीभ वळत नाही.

घाटमाथा
राहुटी, फडाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मोलाचं आहे. पण जात आली म्हणून शब्द गळाला, हे मला पटत नाही. 'वळू' २००८ चा. त्यात गाव आहे, सरपंच आहे, देवाला सोडलेला बैल आहे आणि जातीचा प्रश्न नाही. त्यालाही कुणी 'ग्रामीण चित्रपट' म्हटलेलं मी वाचलं नाही. 'टिंग्या' त्याच वर्षीचा, शेतकऱ्याच्या पोराचा आणि त्याच्या बैलाचा. त्यालाही नाही. म्हणजे फरक काळाचा आहे. तो शब्द एका काळातल्या सिनेमाचं नाव होऊन बसला आणि तो काळ संपला.

वऱ्हाडी_मानूस
काळाचा फरक आहे तसा जागेचाही आहे. आमच्या यवतमाळकडच्या माणसाला तो सिनेमा कधी 'गावाचा' वाटलाच नाही. पडद्यावरचं प्रत्येक खेडं "अवं पावनं, कुनीकडं निघालासा?" असंच बोलायचं. मराठवाड्यातलं असो की खानदेशातलं, बोली कोल्हापूरचीच. आमची आजी विचारायची, "हे कोनतं गाव हाय?"
कारण उघड आहे. स्टुडिओ कोल्हापुरात. प्रभात फिल्म कंपनी तिथेच सुरू झाली १९२९ मध्ये, पुण्याला गेली ती नंतर. मग जयप्रभा, शालिनी. भोवतालची माळरानं आणि वाडे, पंचक्रोशीतली माणसं, बैलगाड्या, सगळं हाकेच्या अंतरावर. जे जवळ होतं त्यालाच 'ग्रामीण' हे नाव पडलं. नटाला एकच बोली येत असे आणि प्रेक्षकानं तीच 'ग्रामीण भाषा' मानली. अजूनही नाटकातल्या गड्याला तीच बोली देतात. विदर्भातल्या शेतकऱ्यावर सिनेमे आले, 'गाभ्रीचा पाऊस' आला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की खेडं दुसऱ्या सुरातही बोलतं.

मंजिरी_न
हे फार उपयोगी आहे. पण मूळ अडचण तशीच आहे. लेखात एक वाक्य असं: 'ग्रामीण सिनेमा आज़ादी के बाद शहर की कल्पना बनकर रह गया।' इथे 'ग्रामजीवनावरील चित्रपट' लिहिलं की टीकेची धार जाते. 'ग्रामीण चित्रपट' लिहिलं तर धार राहते, पण दोन परिच्छेदांनी त्याच शब्दात 'फँड्री' येतो.

अक्षरवेध
म्हणूनच ग्रामपट.

बोरूबहाद्दर
'ग्रामपट' ऐकून मला गावचा नकाशा वाटला, तलाठ्याकडे असतो तसा. 'पट' लावला की शब्द तयार होतो, पण तो चालतोच असं नाही. लोकांनी घेतला पाहिजे. बोलपट चालला, कारण मूकपटानंतर नवलाई त्या बोलण्याचीच होती.

अक्षरवेध
'पट' म्हणजे कापड, ते उगीच जोडलेलं नाही. 'मुद्राराक्षसा'च्या पहिल्या अंकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन दारोदार हिंडतो. कापडावर यमाची चित्रं, ती दाखवत गाणी म्हणायची. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी त्याच जातकुळीतले, फक्त त्यांची चित्रं कागदावर. म्हणजे चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडे जुनं, आणि 'चित्रपट' हा शब्दही कॅमेऱ्याच्या आधीचा. सावरकरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शब्दांच्या यादीत तो असतो, पण संस्कृतात रंगवलेल्या कापडाला चित्रपटच म्हणत. असा शब्द असताना 'सिनेमा' आणि 'पिक्चर'ला कवटाळण्यात मला भाषेची हानी दिसते.

राहुटी
हानी कुणाच्या भाषेची? माझी आई 'पिक्चर' म्हणते, तिची आई 'शिणुमा' म्हणायची. 'चित्रपट' आमच्या घरात वर्तमानपत्रातून आला. ज्यांचं जगणं पडद्यावर दाखवलं त्यांचा शब्द अशुद्ध ठरतो आणि ज्यांनी दाखवलं त्यांचा शुद्ध, हे मला मान्य नाही. 'ग्रामीण'चंही तसंच आहे. गावातला कुणी स्वतःला ग्रामीण म्हणत नाही. तो म्हणतो "गावाकडचा". ग्रामीण रुग्णालय, ग्रामीण बँक, ग्रामीण पोलीस, हा शब्द कचेरीतून येतो. 'गावाकडचा पिक्चर' म्हटलं तर 'सैराट'ही त्यात बसतो, 'फँड्री'ही.

अक्षरवेध
लेखात 'गावाकडचा पिक्चर' लिहायचं? बोलीला मान आहेच, पण अभ्यासाच्या लेखनाला पारिभाषिक शब्द लागतो. आज एकानं गावाकडचा, उद्या दुसऱ्यानं खेडवळ म्हटलं, तर वाचक काय धरणार?

वऱ्हाडी_मानूस
"गावाकडचा" म्हणणारा माणूसही गाव सोडून आलेलाच असतो. जो गावातच आहे तो नुसतं "पिक्चर" म्हणतो.

घाटमाथा
सगळा जुना सिनेमा एका दावणीला बांधू नका, एवढीच विनंती. मी वर बोर्डावरच्या लावणीचं लिहिलं, पण त्याच काळात, १९६५ साली, भालजी पेंढारकरांनी 'साधी माणसं' केला. नायक लोहार. त्याचा भाता आहे, ऐरण आहे, कष्ट आहेत. तो पाहताना ढोलकीची आठवणही होत नाही. आणि 'सावकारी पाश' तर मूकपट. कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात मजूर होतो. त्यातल्या शेतकऱ्याला कुणी ग्रामीण म्हणून रंगवलेलं नाही, शेतकरी म्हणूनच दाखवलंय.

सुगरणीचं_घरटं
उशिरा आले. कुणी 'माहेरची साडी'चं नाव घेतलं नाही. १९९१ मध्ये तो बघायला बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या, आमच्या गावातूनही. त्याला सगळे कौटुंबिक म्हणतात, ग्रामीण कुणीच नाही. बघणाऱ्या बायका खेड्यातल्या, त्यातला सासुरवास त्यांच्या घरातला. बाप्यांचा सिनेमा असला की तो गावाचा आणि बायकांचा असला की फक्त घराचा, असं शब्द ठरवताना झालंय का?

मंजिरी_न
हा मुद्दा लेखात मुळीच नाही. संपादकांना आज मजकूर द्यायचा आहे. सध्या 'सावकारी पाश' आणि 'फँड्री'च्या परिच्छेदांत 'खेड्यातले सिनेमे' लिहिते आणि टीकेच्या वाक्यात 'ग्रामीण चित्रपट' अवतरणात ठेवते. सुगरण, 'कौटुंबिक'वर वेगळा धागा काढाल का?

अक्षरवेध
'खेड्यातले' नको, 'खेड्यांवरील'. सिनेमे खेड्यात तयार झालेले नाहीत.

वऱ्हाडी_मानूस
कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांतच तर झाले. वर तेच लिहिलंय ना.