कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार न्यायालयांकडे आला कुठून?

प्रश्न – कोपरीचा वाचक, ठाणे पूर्व

राज्यघटना चाळली, पण ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’ हा शब्द कुठे सापडला नाही. अमेरिकेत १८०३ साली मारबरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी हा अधिकार तिथल्या घटनेतून काढून दाखवला, एवढं ठाऊक आहे. आपल्याकडे तो अनुच्छेद १३ ने दिला की केशवानंद निकालाने? आणि ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात चालू दाव्यात ‘हे कलम घटनाबाह्य आहे’ असा मुद्दा काढला, तर तिथले न्यायाधीश ते रद्द करू शकतात का?

उत्तर – वाशीकर

केशवानंद नक्कीच नाही. २४ एप्रिल १९७३ चा तो निकाल (१३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६) घटनादुरुस्तीबद्दल आहे. साधे कायदे त्याच्या कितीतरी आधीपासून रद्द होत होते.

इंग्लंडची पार्लमेंट सार्वभौम, तिचा कायदा तिथलं न्यायालय मोडीत काढत नाही. पण ब्रिटिश काळात इथली विधिमंडळं त्याच पार्लमेंटच्या कायद्याने बसवलेली, म्हणजे त्यांना हद्द आखलेली. ती ओलांडली का, हे बघणार कोण? बुरा खटल्यात हाच प्रश्न आला. १८६९ चा एक कायदा गारो टेकड्यांना नेहमीच्या न्यायालयांच्या कक्षेतून काढत होता आणि खासी-जैंतिया टेकड्यांनाही तो लावायची मुभा लेफ्टनंट गव्हर्नरला देत होता. कलकत्ता उच्च न्यायालयाने बहुमताने ही मुभा अवैध ठरवली. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) तो निकाल फिरवला, मात्र हद्द ओलांडली का हे ठरवणं न्यायालयांचंच काम आहे, असं स्पष्ट सांगितलं. सरकार जिंकलं म्हणून अभ्यासात हा खटला मागे पडतो. माझ्या मते बीज तिथेच आहे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने कायदे करायच्या विषयांच्या केंद्र, प्रांत आणि समवर्ती (दोघांच्या) अशा तीन याद्या केल्या, आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून फेडरल कोर्ट (सर्वोच्च न्यायालयाचं पूर्वरूप) आलं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेला केशव तळपदे खटला (१९४३) जरूर वाचा. मूळ भारत संरक्षण कायद्यात ‘वाजवी संशय’ असलेल्या माणसाला अटकेत ठेवायची तरतूद होती. त्याखालच्या नियम २६ मध्ये मात्र सरकारचं ‘समाधान’ झालं की पुरे! या एका शब्दाच्या फरकावर फेडरल कोर्टाने नियम अवैध ठरवला. सरकारने लगोलग अध्यादेश काढून नियम वाचवला, आणि १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तळपदे निकालच चुकीचा ठरवला.

उत्तर – घणसोलीहून

वाशीकरांच्या उत्तराला जोड. अनुच्छेद १३ ने नवीन काय आणलं? हद्द फक्त याद्यांची राहिली नाही, मूलभूत हक्कांचीही झाली. १३(२) प्रमाणे हक्क हिरावणारा कायदा ‘तेवढ्यापुरता’ शून्य. हा शब्द नीट बघा. १९५० च्या गोपालन निकालात प्रतिबंधक स्थानबद्धता (खटल्याशिवाय अटकेत ठेवायच्या) कायद्याचं फक्त कलम १४ गेलं, बाकीचा कायदा टिकला.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबई राज्य विरुद्ध बलसारा (१९५१). दारूबंदी कायदा १९४९ कायम राहिला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि ओ-द-कोलोनसारखी प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी आणि आणखी काही तरतुदी कापल्या गेल्या. म्हणून याचिकेत ‘संपूर्ण कायदा रद्द करा’ एवढंच मागू नका. कोणतं कलम, कोणतं उपकलम, कोणत्या अनुच्छेदाला धक्का, हे एकेक करून लिहा. कायदा वैध आहे असं न्यायालय आधी गृहीत धरतं, ते खोडायचा भार याचिकाकर्त्यावर. कागदपत्रांशिवाय नुसता अनुच्छेद १४ (समानतेचा हक्क) लावलेल्या याचिका इथेच पडतात.

उत्तर – बेलापूर सीबीडी

ठाण्याच्या न्यायालयाबद्दल. ते कायदा रद्द करू शकत नाही, पण मुद्दा बाजूलाही सारू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ११३ चं परंतुक (कलमाला जोडलेली ‘मात्र’ची अट) पाहा. अधिनियम, अध्यादेश किंवा विनियम अवैध आहे असं न्यायाधीशांचं मत झालं, निकालासाठी ते ठरवणं गरजेचं असलं आणि वरच्या न्यायालयाने तसं आधी ठरवलेलं नसलं, तर कारणांसह प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावंच लागतं. फौजदारीत हेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३६ मध्ये आहे. नियम आणि अधिसूचना या परंतुकात येत नाहीत.

नोटीस विसरू नका. आदेश २७-अ प्रमाणे केंद्राचा प्रश्न असेल तर महान्यायवादी, राज्याचा असेल तर महाधिवक्ता. ती न दिल्याने सुनावणी अडते. थेट अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जायचं तर ठाणे जिल्ह्याची रिट याचिका मुंबईत अपिलेट साइडला (उच्च न्यायालयाच्या दोन शाखांपैकी एक) दाखल होते, ओरिजिनल साइडला नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग संसद हा अधिकार काढून घेऊ शकते का?

उत्तर – वाशीकर

१९७६ मध्ये प्रयत्न झाला. ४२ व्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्याची वैधता तपासायचा उच्च न्यायालयांचा अधिकार काढला. सर्वोच्च न्यायालयातही कायदा पाडायला किमान ७ न्यायाधीश आणि दोन तृतीयांश बहुमत लागेल असं केलं. ४३ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये हे सगळं निघालं. पुढे १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालात अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालय) आणि २२६ (उच्च न्यायालय) खालचं पुनर्विलोकन घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग ठरलं, म्हणजे घटनादुरुस्तीनेही ते काढता येत नाही. त्याच निकालाप्रमाणे मॅटसारखं (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी नोकरीचे वाद ऐकणारं) न्यायाधिकरण सेवाविषयक कायद्याची वैधता तपासू शकतं, पण ज्या कायद्याने ते स्वतः उभं राहिलं त्याची नाही. आणि त्याच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं.