भरतीच्या पोरांनी रोज टायमिंग लावावं का?

माणदेशी_क्रीडाशिक्षक

पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांचं. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. मुलांना १६०० चे पूर्ण मार्क हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत. हे आकडे आमच्याकडच्या पोरांना झोपेतही पाठ असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहाटे चारला उठायचं, डांबरीवर यायचं, दोन-चार वेळा हात फिरवले की वॉर्मअप झाला, आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून जीव तोडून १६०० मारायचं. रोज. काल ५:४० आलं, आज ५:४४, म्हणून संध्याकाळी पुन्हा एकदा. काही आठवड्यांत नडगी धरते. मग पेनकिलर, वर पट्टी, आणि पळणं चालूच. याला गावभर शिस्त म्हणतात.

मला हे अजिबात मान्य नाही. रोज टायमिंग लावलं की रोज परीक्षा होते, अभ्यास कधी होतच नाही.

१६०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांची धाव. तिला लागणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनवर मिळतो. ती क्षमता वाढते संथ आणि लांब पळण्यातून. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने ४०-५० मिनिटं. आठवड्यातले चार दिवस असे, दोन दिवस जोराचे, एक दिवस पूर्ण सुट्टी. जोराच्या दिवशीही सबंध १६०० नको. ५:१० म्हणजे ४०० चा प्रत्येक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. तेवढ्याच वेगाने पाच-सहा राउंड मारा, मध्ये दोन-तीन मिनिटं चाला. पोरं पहिला राउंड पासष्ट सेकंदांत काढतात, तिसऱ्याला खांदे कानाला लागतात, आणि नंतर म्हणतात स्टॅमिना कमी पडला. अहो, होता तो पहिल्याच राउंडला उधळला.

अंगात रग असताना हळू पळणं, शेजारचा पुढे गेला तरी आपला वेग न सोडणं, रात्री साडेनऊला मोबाईल बाजूला ठेवणं, ही शिस्त चारला उठण्यापेक्षा अवघड आहे.

खाकीवाला

सर, तुमचा मान ठेवून विरोध करतो. मी याच डांबरीवर पळून भरती झालोय. तुमचं वेळापत्रक ज्याच्या हातात दोन वर्षं आहेत त्याच्यासाठी ठीक. ज्याच्या बापाने शेळ्या विकून अकॅडमीची फी भरली, वयोमर्यादा संपत आली, त्याला हळू पळ म्हणून सांगायला जीभ रेटत नाही.

दुसरं, ग्राउंडच्या दिवशीची परिस्थिती बघा. पोरगा रात्रभर एसटीत नाहीतर स्टँडवर काढून आलेला असतो. पोटात वडापाव. एकदम पळायला सोडतात, कोपर लागतं, पाय अडकतो. रोज जीव तोडून पळालेला पोरगा तिथे घाबरत नाही. ही सवय गप्पा मारत पळून लागत नाही.

आणि आपले धावपटू अविनाश साबळे? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शाळेला सहा-सहा किलोमीटर तंगडतोड, मग महार रेजिमेंट, सियाचीनची थंडी, राजस्थानचं ऊन. त्यांना कुणी वेळापत्रक दिलं होतं? कष्टातूनच घडले ना?

डोंगरवाट

खाकीवाला दादा, साबळेंचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते सरांच्या बाजूने जातं. शाळेत जाताना ते टायमिंग लावत नव्हते. वर्षानुवर्षं रोज संथ किलोमीटर पायाखाली गेले, त्यातून पाय आणि हृदय तयार झालं. स्पर्धेतलं पळणं सैन्यात गेल्यावर सुरू झालं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या ३००० मीटर शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांपर्यंत आले. मधली वर्षं मोजा. तीन महिन्यांत कुणी साबळे होत नाही, आणि सियाचीनला कुणी १६०० चं टायमिंगही घेत नाही.

नडगी_तपासणारी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. भरती जाहीर झाली की आमच्याकडे नडग्यांची रांग लागते, म्हणून लिहिते.

घरी तपासायचं असेल तर खुर्चीवर बसा, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्याकडून वर दाबत न्या. चार-पाच बोटं रुंद पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा हाडाच्या कडेचा भाग सुजलाय. पळणं निम्म्यावर आणा, डांबरी सोडून मातीवर या. पण एका रुपयाएवढ्या जागेवरच कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालताना जीव जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता आहे. पळणं त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरकडे जा. सुरुवातीला एक्स-रेत हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" या सल्ल्यावर विसंबू नका.

कारण साधं आहे. दम दोन-तीन आठवड्यांत वाढू लागतो, हाडाला महिने लागतात. ताण पडला की हाड आधी झिजतं आणि मग नवं भरतं. भरायला वेळच दिला नाही तर तडा जातो. पेनकिलर घेऊन पळणारा पोरगा फक्त धोक्याची सूचना बंद करतो.

लष्करी शिस्तीचं म्हणाल तर इस्रायली सैन्यात हाडांच्या तड्यांवर कित्येक वर्षं काम झालं. जवानांना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि चालण्याचं एकूण अंतर कमी केलं, तेव्हा तड्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अकराला झोपून चारला उठणाऱ्या पोरांनी हे लक्षात घ्यावं.

अकॅडमीतला_दादा

सगळं कबूल, पण इथे लिहिणाऱ्यांनी शंभर पोरं सांभाळून बघावीत. शिट्टी वाजली नाही तर निम्मी उठत नाहीत. "ज्याच्या त्याच्या वेगाने पळा" म्हटलं की मागचे दहा जण झाडाखाली बसतात. सगळ्यांना एकच नियम लावावाच लागतो.

सातारची_लेक

दादा, एकच नियम मुलींना कसा लावता? पहाटे चारच्या अंधारात आम्हाला घरून सोडत नाहीत, आणि सहाला गेलं की "उशिरा आलीस" म्हणून दहा राउंड शिक्षा. वजन कमी कर म्हणून रात्रीची भाकरी बंद केलेल्या मैत्रिणी आहेत. दोघींची पाळी थांबली, आणि त्यांना सांगितलं गेलं की हे चांगलंच, सराव चुकत नाही. माझं हिमोग्लोबिन ९ निघालं तोवर सगळे मला आळशी म्हणत होते. आमच्याच माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या. उपाशी पोटी कुणी तिथवर जात नाही.

नडगी_तपासणारी

ताई, पाळी थांबणं म्हणजे सरावाला पुरेल एवढं अन्न पोटात जात नाही याची खूण आहे, आणि हाडं त्यातच ठिसूळ होतात. त्या दोघींना डॉक्टरकडे न्याच. तू डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. पालेभाजीवर लिंबू पिळ, जेवणाबरोबर आणि लगेच नंतर चहा नको. चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

खाकीवाला

पाळीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या बॅचच्या मुलींना असलं कुणी विचारलंच नाही.

झोपेचं आणि नडगीचं पटलं. २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत जूनच्या उकाड्यात ५ किलोमीटर पळताना पोरं दगावली, तेव्हापासून उन्हात पळायचं नाही हे मी स्वतः सगळ्यांना सांगतो. पण टायमिंग पूर्ण बंद करायला माझा विरोध कायम आहे. आठवड्यातून एकदा, सगळ्यांनी मिळून, गर्दीत, कोपर खात १६०० पळालंच पाहिजे.

माणदेशी_क्रीडाशिक्षक

आठवड्याला नको, पंधरा दिवसांतून एकदा घ्या. गर्दीतच घ्या, तुमचा तो मुद्दा रास्त आहे. त्या आठवड्यातला एक जोराचा दिवस मात्र वगळा. तीनच महिने हातात असतील तर पहिले सहा आठवडे स्टॉपवॉचला हात लावायचा नाही. शेवटचे दहा दिवस अंतर निम्मं करा, वेग तोच ठेवा.

खाकीवाला

शेवटच्या दहा दिवसांत निम्मं? सर, तेव्हा तर पोरं दुप्पट करतात. पोरांना सोडा, त्यांच्या बापांना हे कसं पटवणार?

माणदेशी_क्रीडाशिक्षक

बापांना मैदानावर बोलवा. आमच्याकडे बोलावतो. शेवटच्या आठवड्यात विश्रांतीनंतर पोराला एक ४०० मीटर पळवायचं आणि घड्याळ बापाच्या हातात द्यायचं.