मदत हवी आहे: कॉर्कमधले आयरिश पणजोबा, जन्म १८७१ च्या सुमारास

पुण्यातल्या १८९७ च्या लग्नाच्या नोंदीत नवरदेव ब्रिटिश फौजेतला शिपाई आहे. वय २६, आडनाव मर्फी, कॅथलिक, वडिलांचं नावही आहे. घरात एवढंच माहीत, की मूळ काउंटी कॉर्कचे. जन्मनोंदींत त्या नावाचे ढीगभर लोक निघतात आणि १९०१ च्या जनगणनेत ते दिसत नाहीत. १८७१ किंवा १८८१ ची जनगणना कुठे मिळेल?

प्रतिसाद १
ती शिल्लकच नाही. १८६१ आणि १८७१ चे फॉर्म सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. त्याआधीचे बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळाले. पूर्ण आहेत त्या १९०१ आणि १९११ च्या, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट. पणजोबा तेव्हा हिंदुस्थानात असतील तर त्या जनगणनांमध्ये त्यांचे आईवडील शोधा.

त्याआधी टाउनलँड, म्हणजे आपल्या वाडीएवढी वस्ती, हाती लागायला हवी. मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, नुसत्या नावावर काही ठरत नाही. ब्रिटिश युद्धखात्याच्या डब्ल्यूओ ९७ या मालिकेतले फौजेतून मुक्त झाल्याचे कागद बघा. भरतीच्या अर्जावर जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला विभाग, असतो, बरेचदा जवळच्या नातेवाइकाचा पत्ताही.

प्रतिसाद २
पॅरिश कळला की आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई वर १८६८ ते १८७४ च्या सरकारी जन्मनोंदी बघा, भरतीच्या वेळी वय बिनधास्त चुकीचं सांगत. सूचीत त्या काळी आईचं नाव नसतं, म्हणून प्रत्येक नोंदीचं चित्र उघडा. आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँड तिथेच मिळतं. नोंदीतला जिल्हा हा नोंदणीचा जिल्हा, म्हणजे काउंटी नव्हे, त्याच्या हद्दी काउंटीबाहेरही जातात. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर नोंद टाकून देऊ नका. जन्मनोंदीची मुदत उलटल्यावर दंड टाळायला जन्मतारीख पुढे सरकवत. बाप्तिस्म्याची तारीख धरा. कॅथलिक रजिस्टरं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर साधारण १८८० पर्यंत आहेत.

धागाकर्ता
टाउनलँड मिळालं, आभार! पण वडील १९०१ मध्ये ५८ आणि १९११ मध्ये ७१. एकच माणूस?

प्रतिसाद १
बहुधा एकच. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि जन्मदाखला नसलेल्यांची वयं भराभर वाढली. बायको हयात असेल तर १९११ च्या जनगणनेत तिच्या ओळीत लग्नाला किती वर्षं झाली आणि किती मुलं झाली ते बघा. ती वर्षं १९११ मधून वजा करा. उत्तर १८६४ किंवा त्यानंतरचं आलं तर लग्नाची सरकारी नोंद असायला हवी, आणि तीत दोघांच्या वडिलांची नावं मिळतील.