आयनू लोकांची गाणी कोणी जपली, आणि आपल्या ओव्यांसाठी त्यातून काय घेता येईल?

माणगंगा (आटपाडी, जि. सांगली)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेली दोन वर्षे आमच्या भागातील मेंढपाळ घरांतल्या वयस्कर माणसांकडून बिरोबाच्या धनगरी ओव्या मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत आहे. ‘सुंबरान मांडलं’ म्हणून सुरू झालेली ओवी रात्रभर चालते, पण ती शेवटपर्यंत म्हणू शकतील अशी माणसे माझ्या ओळखीत आता चारच आहेत. मुलांना चाल आवडते. मात्र लोकरीचे, चराईचे आणि वाड्यावरच्या जगण्याचे शब्द त्यांना कळत नाहीत.

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरच्या आयनू लोकांविषयी अलीकडे वाचले. त्यांची भाषा रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेली, तरी त्यांची दीर्घ मौखिक काव्ये आजही वाचता-ऐकता येतात. हे काम नेमके कोणी आणि कसे केले? आणि अशा नोंदीने परंपरा जगते, की तिचा केवळ पुरावा मागे राहतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)

बाई, मी काही वर्षे जपानी भाषा शिकलो असल्यामुळे या विषयावर थोडेफार वाचन झाले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका मुलीपासून सुरू करावे लागेल. चिरी युकिए 1903 साली नोबोरिबेत्सु येथे जन्मली आणि असाहिकावाजवळच्या आयनू वस्तीत आजी व मावशीजवळ वाढली. आजी ‘युकार’ म्हणजे देवांच्या आणि वीरांच्या गेय कथा गात असे. शाळेत जपानी शिकलेल्या नातीला दोन्ही भाषा सारख्याच सहज येत. भाषाशास्त्रज्ञ किंदाइची क्योसुके यांनी तिला या कामाला प्रोत्साहन दिले. तोक्योला त्यांच्या घरी राहून तिने तेरा कथागीतांचे हस्तलिखित पूर्ण केले: एका बाजूला रोमन लिपीत मूळ आयनू पाठ, समोर जपानी भाषांतर. त्यानंतर लगेचच, सप्टेंबर 1922 मध्ये, हृदयविकाराने ती गेली. तेव्हा ती 19 वर्षांची होती. पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

या गीतांत घुबड, कोल्हा, बेडूक, शिंपला स्वतःच्या तोंडून आपली कथा सांगतात, कारण आयनूंच्या दृष्टीने प्राणी, अग्नी, पाणी हे सारे ‘कामुय’ म्हणजे देव आहेत आणि माणसाच्या भेटीला ते वेगवेगळी रूपे घेऊन येतात. सॅल्मन माशाला ते ‘कामुय चेप’ म्हणतात. शब्दशः हा देवाचा मासा झाला. पण आपल्याकडे देवमासा म्हणजे व्हेल, म्हणून भाषांतर करताना जपावे लागते. शब्दाच्या शेवटचा असा ‘प’ जपानी काताकाना लिपीत लिहिण्यासाठी लहान आकाराची खास अक्षरे वापरावी लागतात. आपल्याला देवनागरीत पाय मोडून ‘चेप्’ लिहिता येते, हे पाहून मला फार आनंद झाला होता.

भाषा अशा टोकाला का आली, हेही सांगितले पाहिजे. 1869 मध्ये जपानच्या मेइजी सरकारने बेटाला होक्काइदो हे नाव देऊन तेथे मोठ्या प्रमाणावर वसाहत सुरू केली. 1871 मध्ये स्त्रियांचे गोंदण आणि पुरुषांची कर्णभूषणे यांवर बंदी आली, आणि पुढे नदीतील सॅल्मनची मासेमारी व हरणांची शिकार यांवरही टप्प्याटप्प्याने निर्बंध आले. ज्यांचे पोट नदी आणि जंगल यांवर होते, त्यांना 1899 च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त 5 हेक्टर, म्हणजे सुमारे साडेबारा एकर, जमीन शेतीसाठी देऊ केली. पंधरा वर्षांत ती कसली नाही तर परत घेण्याची अट होती. मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या आणि तेथे शिकवणे जपानीत होते. कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता, आणि तो कायदा रद्द व्हायला 1997 उजाडले.

कोयनाखोरे (मूळ पाटण, जि. सातारा)

वरील उत्तर उत्तम आहे. मी बाईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आमचे मूळ गाव कोयनेच्या जलाशयाखाली आहे. गावाच्या देवीची गाणी माझ्या आईला पाठ आहेत, परंतु ज्या पाणवठ्याचे, ज्या उंबराचे नाव त्यांत येते तो मी कधी पाहिलेला नाही, आणि त्यामुळे ती गाणी माझ्यापर्यंत अर्धीच पोहोचली.

म्हणून मला होक्काइदोतील निबुतानी हे आयनूंचे गाव महत्त्वाचे वाटते. सारु नदीकाठच्या या गावात कायानो शिगेरु (1926–2006) जन्मले. सॅल्मन पकडला म्हणून त्यांच्या वडिलांना अटक झाली होती, ते लहानपणी त्यांनी पाहिले. गावातील जुन्या वस्तू संशोधकांबरोबर बाहेर जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी मजुरीच्या पैशांतून त्या स्वतः जमवायला सुरुवात केली, वृद्धांच्या कथा टेपवर घेतल्या, 1972 मध्ये गावातच संग्रहालय उभे केले आणि 1983 मध्ये मुलांसाठी आयनू भाषेचे वर्ग सुरू केले. 1994 मध्ये ते जपानी संसदेत गेलेले पहिले आयनू ठरले, आणि तेथे ते आयनू भाषेत बोलले.

याच गावाजवळ सारु नदीवर धरण बांधले गेले. कायानो आणि त्यांचे शेजारी काइझावा तादाशी यांनी जमीन देण्यास नकार देऊन दावा लावला. काइझावा यांच्या निधनानंतर तो त्यांच्या मुलाने चालवला. मार्च 1997 मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने आयनू हे मूलनिवासी असल्याचे मान्य केले आणि त्यांच्या संस्कृतीचा पुरेसा विचार न करता केलेले भूसंपादन बेकायदा ठरवले. मात्र धरण तोवर उभे राहिले होते आणि ते तसेच ठेवण्यात आले. पुढे जपानच्या 2019 च्या आयनूविषयक कायद्यात ‘मूलनिवासी’ हा शब्द आला, पण जमिनीचे आणि मासेमारीचे जुने हक्क त्यात परत मिळाले नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: चराईची रानेच उरली नाहीत, तर ओवी ध्वनिफितीत राहील, गळ्यात राहणार नाही. बाईंनी ओव्यांबरोबर ओवीतल्या जागांचीही नोंद करावी.

अजिंक्यतारा (सातारा)

तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवावा. धनगरी ओवीची बोली मराठीच आहे. आयनू भाषेचे मात्र जपानीशी किंवा अन्य कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि युनेस्कोने 2009 मध्ये तिची गणना अतिसंकटग्रस्त भाषांत केली. तेथे व्याकरणापासून शिकवावे लागते. आपल्याकडे शब्दकोशाइतके काम झाले तरी मुले पुढे जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अभ्यासाच्या नावाखाली विद्यापीठांतील संशोधकांनी आयनूंच्या कबरी खोदून अस्थी नेल्या. वारसांनी खटले लढवल्यानंतर होक्काइदो विद्यापीठाने 2016 मध्ये 12 जणांच्या अस्थी उराकावा येथे परत केल्या. शिराओई येथे 2020 मध्ये ‘उपोपोय’ हे राष्ट्रीय केंद्र उघडले. या नावाचा अर्थ ‘अनेकांनी मिळून गाणे’ असा आहे. तेथे नृत्य, विणकाम, भाषा हे सारे शिकायला मिळते. पण इतर अनेक अस्थी त्याच परिसरातील स्मारकात आणून ठेवल्या आहेत, आणि त्या आपल्या गावच्या मातीत परत याव्यात असे म्हणणारे आयनू आहेत. म्हणून बाई, ध्वनिमुद्रणाची पहिली प्रत ज्यांनी ओवी म्हटली त्यांच्या घरी द्या, आणि कोणती ओवी बाहेर ऐकवायची हे त्यांनाच ठरवू द्या.

माणगंगा (आटपाडी, जि. सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. परवानगीविषयी मी आजवर केवळ तोंडी विचारले होते, आणि प्रत कोणालाही दिलेली नव्हती. या आठवड्यात चारही घरी जाऊन ती देईन. चौघांपैकी एका आजोबांची नात आमच्याच शाळेत नववीत आहे. आतापर्यंत मी ध्वनिमुद्रण ऐकून स्वतः लिहून काढत होते. आता ती आजोबांशेजारी बसून लिहील, आणि अडलेला शब्द त्यांनाच विचारील. जागांच्या नोंदीसाठी कोणी नकाशावर काम केले असेल, तर कृपया येथेच लिहावे.